मापाचा तुंबा

चांदा जिल्ह्यातून आलो म्हणून सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : वाघ दिसला का? नाही दिसला. माझ्या दोन खेपा झाल्या, आणि दोन्ही खेपांना मी बहुतेक वेळ मांडीभर पाण्यात उभा राहून पाणकणीस मोजत होतो. पाणकणीस म्हणजे तळ्याच्या काठाशी, पाण्यातच वाढणारं, पुरुषभर उंचीचं गवत. लांब पट्टीसारखी पानं आणि शेंड्याला तपकिरी मखमलीचं कणीस. वाचकांनी ते पाहिलेलं असणार, नाव तेवढं ठाऊक नसेल. आमच्या वाईकडे ओढ्याच्या कडेला ते उगवतं आणि म्हशीसुद्धा त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

मी नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. आमच्या सरांचा या गवतावर फार जीव. त्याच्या पानांचा कागदासाठी लगदा होईल, चटया होतील, छपरं शाकारता येतील, कंदाचं पीठ होईल, कणसाच्या कापसाने गाद्या भरता येतील आणि घाण पाणी त्याच्यातून सोडलं तर स्वच्छ होईल, ही यादी ते वर्गात, घरी आणि एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत म्हणून दाखवतात. एका तळ्यातून वर्षाला गवत किती निघतं, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. माझा प्रबंधही त्यावरच व्हायचा होता. त्यासाठी गडचिरोलीच्या अंगाला, वैनगंगेपलीकडच्या करंजटोल्याचं तळं निवडलं.

खरं म्हणजे सांगायची आहे ती दुसरी खेप, पण पहिलीबद्दल चार शब्द बोलल्याशिवाय ती कळणार नाही.

पहिली खेप

दसऱ्याच्या सुमाराला गेलो होतो. तळं काठोकाठ भरलेलं. एका बाजूला लांबलचक मातीची पाळ, पाळीखाली भाताच्या बांध्या, आणि पाळीला लागून आतल्या अंगाने पाणकणसाचा दाट पट्टा. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, होती तोवर मालगुजाराची माणसं पाळीवर माती टाकायची. मालगुजारी गेली आणि पाळीकडे कुणी बघायचं हे ठरायचंच राहिलं. गवत मात्र जागेवर होतं.

माझा मुक्काम सोमाजी ढिवराच्या घरी होता. पंचेचाळिशीचा, किडकिडीत, बोलताना समोरच्याकडे न बघता पाण्याकडे बघणारा माणूस. तळ्यातली मासोळी आणि पाणकणसाची राखण त्याच्या घराण्याकडे होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कापणी सुरू झाली. सगळ्यांच्या आधी सोमाजी पाण्यात उतरला. त्याच्या हातात वाळलेला दुधी भोपळा होता आणि भोपळ्यावर उभी खोचलेली वीतभर बांबूची काडी. यालाच तो मापाचा तुंबा म्हणत होता. त्याने तो पाण्यावर सोडला. पाणी गुडघाभर असो की गळ्याइतकं, तुंबा तरंगायचा आणि काडीचं टोक बरोबर पाण्यावर वीतभर राहायचं. त्या टोकाच्या खाली विळा न्यायचा नाही. तुंबा पुढे ढकलत सोमाजी चालला होता आणि त्याच्यामागून सगळं गाव कापत येत होतं.

मला ते पाहून मौज वाटली आणि लगेच हिशेबही सुचला. दर ताटाला वीतभर गवत फुकट जातंय! मी वहीत गुणाकार मांडला, तर कितीतरी गाड्या गवत नुसतं ताटांच्या खुंटात उभं राहत होतं. म्हणून मी पाळीच्या मध्यावरचा, शंभर पावलांचा सर्वांत दाट तुकडा निवडला आणि सोमाजीला सांगितलं, की एवढा पाण्याच्या खालून, हातभर आतून कापायचा. मला पूर्ण लांबीचं ताट हवंय.



"साहेब, त्याचं नाक पान्याखाली जाईन," तो म्हणाला.

"भाऊ, झाडाला नाक नसतं," मी म्हणालो आणि पानं श्वास कसा घेतात यावर त्याला काठावर उभं राहून व्याख्यान दिलं. व्याख्यान चांगलं झालं. मला ते अजून आठवतं आणि आठवलं की अंगाला घाम फुटतो.

"तुमी शिकलेले मानूस," तो शेवटी म्हणाला. "अन् आमच्या घरी जेवले. घरी जेवलेल्या मानसाचं काम आमी अर्धं सोडत नाई जी."

त्याने तुंबा काठावर पालथा ठेवला आणि एकटाच छातीभर पाण्यात उतरून, विळा बुडवून, चाचपत चाचपत तो तुकडा कापला. गावकरी दुरून बघत होते.

नागपूरला आल्यावर मी त्याला एक कार्ड टाकलं : नवे कोंब फुटले असतील, पौषात तेही तसेच पाण्याखालून कापा, वाळवून जुड्या बांधून ठेवा, पुढच्या वर्षी येऊन वजन करीन. शाळेच्या मास्तरांनी ते त्याला वाचून दाखवलं. मला उत्तर आलं नाही आणि मी त्याची वाटही पाहिली नाही.

मूलपासून पुढे

या वर्षी कार्तिकात निघालो. मधल्या काळात नागपूरकडचा सगळा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. मूलच्या स्टेशनाबाहेरचा चहावाला मला म्हणाला, "आता आमी मुंबईवाले झालो जी." चहा मात्र गेल्या वर्षीचाच होता, आणि बहुतेक त्याच भांड्यातला. तिथून नदीपर्यंत मोटार, नदी डोंग्यातून आणि पलीकडे बैलांची हलकी रेंगी. सागाची पानं किड्यांनी चाळणी केलेली, मधूनच मोहाचं एखादं झाड, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली. माझ्यापाशी नवा तागडी-काटा होता. रेंगीत तो मांडीवर घेऊन बसलो होतो आणि प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाला काय नाव द्यावं याचा विचार करीत होतो.

करंजटोल्याच्या अलीकडे कापणी एकाएकी संपली. आधी मला वाटलं, इथलं भात लवकर कापलं असेल. पण बांध्यांत धसकटंही नव्हती. पांढरी वाळू पसरली होती आणि वाळूतून भाताचे वाळके शेंडे बोटभर वर आलेले होते. रेंगी पाळीशी थांबली. पाळीच्या मध्यावर मोठं भगदाड होतं. एखादा वाडा मावेल एवढं, त्यात ठोकलेले बांबू आणि नवी माती दिसत होती. तळ्यात निम्मंसुद्धा पाणी नव्हतं. भगदाडाच्या दोन्ही अंगांना पाणकणसाचा पट्टा उभा होता, आणि मधे, जिथे मी पूर्ण लांबीचं ताट मागितलं होतं, तिथे एकही पान नव्हतं.

मी काटा मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

वाचकांना मात्र सांगायला हवं. पाणकणसाचा कंद चिखलात असतो आणि त्या चिखलात हवा नसते. कंदाला हवा मिळते ती ताटांमधून. ताट आतून पोकळ कप्प्यांचं असतं, आणि वाळलेला खुंट पाण्यावर डोकं काढून उभा असेल तर त्यातूनही हवा खाली उतरते, तीवर नवे कोंब तग धरतात. खुंट बुडाला की कंद गुदमरून कुजतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या कप्प्यांची चित्रं मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून स्वतः काढली होती. दरसाल मुलांकडून काढून घेतो, चुकली तर परत काढायला लावतो. पण तुंब्यावरची काडी आणि माझ्या वहीतले ते कप्पे एकच गोष्ट सांगताहेत, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. एकदा कापल्यावर कदाचित काही कंद वाचले असते. मी कार्ड पाठवून उरलेलेही मारले. गवत गेलं तशी पाळ उघडी पडली, आणि भाद्रपदात वाऱ्याने उठलेल्या लाटा रोज थोडी थोडी माती नेत गेल्या. पट्टा होता तेव्हा त्या लाटा गवतातच विरायच्या.

सोमाजीच्या घरी

सोमाजीने माझ्या हातातला काटा उतरवून घेतला. भागाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, पायांवर पाणी घातलं. दोघांनी प्रवास कसा झाला, घरी सगळे बरे आहेत का, सगळं विचारलं. आमच्याकडे असं काही झालं असतं तर पाहुण्याला वेशीवरच चार शब्द ऐकवले असते आणि मग घरात घेतलं असतं. इथे शब्दच नव्हते, आणि मला त्याचा फार त्रास झाला.

जेवायला भात आणि लाखोळीचं वरण होतं. गेल्या वर्षी एकही जेवण मासोळीवाचून झालं नव्हतं.

"मासोळ्या पान्यासंगं गेल्या," भागाबाई म्हणाल्या. "बांधीत पडल्या होत्या. लोकायनं दोन दिस येचल्या."

जेवण झाल्यावर सोमाजीने मला पडवीत नेलं. आढ्याला पाणकणसाच्या जुड्या टांगल्या होत्या, खडखडीत वाळलेल्या, एकसारख्या कापलेल्या. प्रत्येक जुडीच्या दोरीला गाठी मारल्या होत्या. एक गाठ म्हणजे पहिला दिवस, दोन गाठी म्हणजे दुसरा. पौषातल्या थंडीत तो चार दिवस पाण्यात उतरला होता. घराच्या छपरावर एका बाजूला नुसते वासे दिसत होते, यंदा कापणीच न झाल्याने भागाबाईंकडे चटईला गवत नव्हतं, पण माझ्या जुड्यांतलं एक पान कुणी काढलेलं नव्हतं.

"मोजून घ्या जी," सोमाजी म्हणाला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुंबा कुठे आहे?" दाराशेजारच्या ज्या खुंटीवर तो असायचा ती रिकामी होती.

सोमाजी अंगणात निघून गेला. भागाबाईंनी सांगितलं, "गावानं नेला. पाळ फुटली त्या दिसी. यांच्या आज्याच्या आज्यापासून इथी होता. आता हे तळ्यावर जात्त नाईत. लोकं काई बोलत नाई, पन हे जात्त नाईत."

"तुम्ही मास्तरांना सांगून मला पत्र का नाही टाकलंत?"

"काऊन टाकाचं? तुमी काय केलं असतं जी?"



दसरू भाऊ

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावच्या म्हाताऱ्या मुखियाकडे गेलो. त्यांना सगळे दसरू भाऊ म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या चार बांध्या वाळूखाली होत्या. देवाच्या मांडवाखाली ते आणि आणखी सात-आठ जण बसले होते, आणि मांडवाच्या मेढीला तुंबा टांगलेला होता. मी वाटभर जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. सोमाजीचा दोष नाही, तो नको म्हणत होता, मी त्याला हसलो, मी कार्ड पाठवलं, चूक सगळी माझी. मला वाटलं, आता शिव्या मिळतील. मला त्या हव्या होत्या.

दसरू भाऊंनी माझ्यासाठी बाज टाकायला सांगितलं.

"बसा जी," ते म्हणाले. "तुमी पाहुने. पाहुन्याले इथचं पानी का ठाव? पाहुना म्हनन का मले चंद्र पाह्यजे. घरच्यानं द्याचा का? तुंबा त्याच्या हाती होता, तुमच्या नाई."

"पण मी सांगितलं म्हणून त्याने—"

"थेच तं," दसरू भाऊ म्हणाले. "थेच तं सांगून राह्यलो."

म्हणजे मी जितकं स्वतःवर ओढून घेत होतो तितका सोमाजीच जास्त दोषी ठरत होता. हे लक्षात आलं तेव्हा गप्प बसलो. बाकीच्यांनी मान हलवली. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एकाने तर मला विचारलं, जेवणाची सोय नीट आहे ना म्हणून.

शेवटी मी म्हणालो, भगदाड बुजवलं की पट्ट्याच्या कडेचे जिवंत कंद काढून मोकळ्या जागेत लावता येतील. निदान एवढं करू द्या. पाळीच्या कामाला गाव आधीच लागलं होतं. भगदाडात बांबू ठोकून माती भरत आणली होती.

"लावा," दसरू भाऊ म्हणाले. "पन कंद काढाचे तं गवत कापा लागन. कापाचं तं तुंबा पुढं पाह्यजे. अन् त्याचा हात आता तुंब्याले लागाचा नाई. गवत आलं, पहिलेसारखं भरलं, मंग पाहू."

मग ते उठले, मेढीवरून तुंबा काढला आणि माझ्या हातात दिला.

कंद

मी तो घ्यायला नको होता. पण न घेता काय करणार होतो? दोन दिवस मी तळ्यात तुंबा ढकलत होतो आणि माझ्यामागून गावातली माणसं वीतभर वरून ताटं कापून कंद उपटत होती. तो मला नीट ढकलताही येईना. वाऱ्याने तो सारखा कलायचा आणि काडी आडवी व्हायची. सोमाजी तो कसा दोन बोटांनी हलकेच धरायचा हे मला आठवत होतं, पण जमत नव्हतं.

सोमाजी पाळीवर उभा होता. पाण्यात यायची त्याला मनाई नव्हती, तो आपणच येत नव्हता. वरून तो मला सांगायचा, "साहेब, थोडा डावीकडं. तिथी खोल हाय." मी डावीकडे व्हायचो. असं दोन दिवस.

दुसऱ्या दुपारी शिंपल्यावर पाय पडून माझी टाच चांगलीच कापली. रक्त थांबेना. सोमाजी धावत खाली आला आणि मला काठावर बसवलं. भागाबाईंनी एक पिकलेलं कणीस मोडलं, त्यातला पिवळसर कापूस मुठीने काढला, जखमेवर दाबला आणि लुगड्याच्या पदराची चिंधी फाडून बांधली. या कापसाने रक्त थांबतं असं सरांच्या यादीत आहे, आणि मी त्यापुढे प्रश्नचिन्ह केलेलं होतं. पाच मिनिटांत रक्त थांबलं. त्या बाईच्या पायाशी डोकं ठेवावंसं वाटलं मला. त्यांनी उरलेला कापूस पुडीत बांधून दिला, वाटेत लागला तर म्हणून.

परत

भगदाड बुजलं आणि कंद लावून झाले. ते जगतील का हे पावसाळ्यापर्यंत कळणार नाही, आणि पट्टा पूर्वीसारखा भरायला तीन-चार वर्षं तरी लागतील. तोवर पाळ उघडी राहणार. तुंबा मी दसरू भाऊंना परत दिला आणि त्यांनी तो पुन्हा मेढीला टांगला.

सोमाजी मला नदीपर्यंत पोचवायला आला. जुड्या त्यानेच डोंग्यात नीट रचल्या, पाणी लागू नये म्हणून खाली फांद्या घातल्या. मी म्हणालो, "भाऊ, मी तुमचा फार मोठा अपराधी आहे." त्याने हात हलवून ते बाजूला सारलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाला,

"एक मागतो जी. आता कार्ड नका पाठवू. आलं तं मले कराच लागन."

डोंगा सुटला. तो काठावर उभा होता, आणि सवयीने पाण्याकडेच बघत होता.

नागपूरला जुड्यांची वजनं केली. सर आकडे बघून फार खूश झाले. पाण्याखालून दोनदा कापल्याने पाणकणीस समूळ मरतं, हे सिद्ध झालं होतं. कालव्यांत आणि तळ्यांत माजलेलं गवत काढायला ही रीत फार उपयोगी पडेल, माझ्या प्रबंधाचं ते सर्वांत चांगलं प्रकरण होईल, असं ते म्हणाले. तुंब्याबद्दल मी लिहिलेली दोन पानं त्यांनी चाळली आणि गावकऱ्यांच्या समजुती म्हणून परिशिष्टात टाकायला सांगितलं.

"पण एका तळ्यावरून चालणार नाही," सर म्हणाले. "त्याच तळ्यात दुसरा तुकडा घेऊन पुन्हा करून बघायला हवं. तुम्हाला जायची गरज नाही. तो मनुष्य विश्वासू दिसतो. त्याला एक कार्ड टाका."

त्यांनी टेबलावरचं कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि टाक दिला. मी टाक हातात धरला. मास्तर अंगणात उभे राहून वाचताहेत, आणि सोमाजी मान खाली घालून विळा शोधतोय, एवढंच मला दिसत होतं.

"सर," मी म्हणालो, "त्याचा पत्ता माझ्याकडून हरवला."

सर चिडले. संशोधकाने असं गलथान असू नये म्हणाले. मी ते ऐकून घेतलं आणि कोरं कार्ड खिशात घालून घरी आलो.